काकवीचा वास आणि क्लीनर साइडची ओल: गळका हीटर कोअर बायपास करताना

तीन पावसाळे माझ्या गाडीत क्लीनर साइडला, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, पायाखाली ओल येत होती. तिन्ही वेळा वेगळं कारण सापडलं, तिन्ही वेळा पैसे देऊन दुरुस्ती झाली आणि तिन्ही वेळा ओल परत आली. चौथ्या खेपेला कळलं की डॅशबोर्डच्या पोटातला हीटर कोअर, म्हणजे गरम हवा देणारा छोटा रेडिएटर, गळतोय. तो बायपास करणं, म्हणजे इंजिनचं गरम पाणी त्यात न जाऊ देता बाहेरूनच परत वळवणं, हे खरं तर तासाभराचं काम. माझ्याकडे ते आधी चुकीचं झालं आणि मगच बरोबर झालं, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. कुणाच्या गाडीत हेच चाललं असेल तर निदान माझ्या चुका तरी वाचतील.

गाडी २००४ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, आधीच्या मालकाने बसवलेल्या एलपीजी किटसकट. महिन्यातून एकदा कोल्हापूर ते सावंतवाडी, आजऱ्यावरून, म्हणजे आंबोली घाट आलाच. एरवी गावातल्या गावात.

पहिल्या वर्षी वायपरखालच्या जाळीत गुलमोहराचा पाला अडकला होता. पाण्याला खाली उतरायला वाट नाही म्हणून ते आत येतंय, असं ठरलं. पाला काढला. दुसऱ्या वर्षी एसीची ड्रेन नळी तुंबलेली निघाली, ती हवा मारून मोकळी केली. तिसऱ्या वर्षी दाराची रबरी बीडिंग बदलली. यातलं एकही निदान खोटं नव्हतं, हीच गंमत. पाला होताच, नळी तुंबली होतीच, बीडिंगही कडक झाली होती. वीस वर्षांच्या गाडीत पाणी आत यायला चार वाटा असतात आणि पावसाळ्यात त्या चारही एकदम वाहतात. त्यामुळे पाचवी वाट कुणी शोधत नाही.

शिवाय एक गोष्ट माझ्याच हातून घडत होती. रेडिएटरची बाटली खाली गेली की मी गॅरेजवर सांगायचो, "जरा पाणी बघा हो." ते बोअरचं पाणी ओतून द्यायचे. कूलंट विरळ होत होत शेवटी नावालाच उरलं. साध्या पाण्याला ना रंग, ना वास. ते गालिच्यावर ठिबकलं तर पावसाच्या पाण्यात आणि त्यात फरक कसा करणार?

एका नोव्हेंबरात मी पहिल्यांदा सगळं पाणी काढून नीट कूलंट भरून घेतलं. जानेवारीत आम्ही पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळातून काकवी घेऊन येत होतो. थंडी होती, काचा बंद, हीटर चालू. बायको म्हणाली, "अहो, काकवी सांडली का कुठं? वास येतोय बघा." गाडी थांबवून डिकीतला डबा पाहिला, झाकण घट्ट. घरी आल्यावर काचेवर आतून तेलकट झिलई दिसली, बोटाने पुसली तर नुसती पसरत गेली. कूलंटमधल्या ग्लायकॉलला असाच गोडसर वास असतो. पाऊस नाही, एसी बंद, तरी पायाखाली ओल. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

खरंच हीटरच गळतोय का?

बायपास करायला घेण्याआधी हे पक्कं करा. नाहीतर हीटरही जाईल आणि ओलही राहील.

सगळ्यात साधी आणि फुकटची परीक्षा कोरड्या ऋतूत होते. डिसेंबर-जानेवारीत आठवडाभर एसी अजिबात लावू नका, गाडी धुऊही नका. रोज सकाळी इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा. पातळी उतरतेय आणि पायाखाली ओल आहे, तर हीटर. पातळी उतरतेय पण गालिचा कोरडा, तर दुसरीकडे बघा: वॉटर बॉडीखालचं (म्हणजे पाण्याच्या पंपाखालचं) बारीक भोक, होजचे (रबरी नळ्यांचे) सांधे, रेडिएटरच्या कडा. बाहेर कुठेच थेंब नसेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचं डोकं (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा, संशय घ्या. त्या दुखण्याचं औषध या लेखात नाही. आणि पातळी जागच्या जागी असून ओल येतेय, तर पाऊस किंवा एसी.

दुसरी परीक्षा पांढऱ्या टिश्यू पेपरची. गालिचा उचला, खालच्या नमद्यावर कागद दाबा. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि वाळून जातं. कूलंटचा कागदाला रंग लागतो, हिरवा किंवा गुलाबी, बोटांना बुळबुळीत लागतं आणि दुसऱ्या दिवशीही कागद चिकट राहतो. चाखून मात्र बघू नका. ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोड असल्यामुळेच कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं तसंच ठेवू नका.

तुमच्या गाडीत माझ्यासारखं नुसतं पाणी भरलेलं असेल तर दोन्ही परीक्षा फसू शकतात. आधी योग्य कूलंट भरा, महिनाभर चालवा, मग बघा. शंका उरलीच तर प्रेशर टेस्टर असलेलं गॅरेज शोधा. हातपंपाने रेडिएटरच्या टोपणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, माझ्या टोपणावर ०.९ बार आहे, आणि पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरला आणि बॉनेटखाली सगळं कोरडं, तर गळती आत आहे.

गळका हीटर म्हणजे फक्त ओला गालिचा असं समजून सोडून देऊ नका. कूलिंग सिस्टीम दाबाखाली चालते. ०.९ बारच्या टोपणामुळे साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कुठेतरी बारीक भोक पडलं की दाब टिकत नाही, उकळबिंदू खाली येतो, आणि सपाटीवर गुण्यागोविंदाने चालणारी गाडी घाटात तापमानाचा काटा वर न्यायला लागते. मी आंबोली चढताना दोनदा थांबलो होतो ते यामुळेच, पण तेव्हा मी दोष उन्हाला दिला.

भानगड काय असते

हीटर कोअर म्हणजे वहीच्या आकाराचा छोटा रेडिएटर. आमचे मिस्त्री त्याला हीटरची कॉइल म्हणतात. इंजिनमधलं गरम पाणी एका होजने फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, आत जातं, कॉइलमधून फिरतं आणि दुसऱ्या होजने परत वॉटर बॉडीच्या ओढीकडे येतं. पंखा त्यावर हवा मारतो, तीच तुमच्या पायावर येते. काही गाड्यांत वाटेत एक वॉल्व असतो, हीटरचा खटका गारवर असला की तो पाणी बंद करतो. काही गाड्यांत वॉल्वच नसतो, गरम पाणी बाराही महिने फिरत असतं आणि आतला पडदा फक्त हवेची वाट बदलतो. अशा गाडीत तुम्ही जन्मात हीटर लावला नाही तरी कोअर झिजतोच. "हीटर कधी लावलाच नाही, मग गळेल कसा?" या प्रश्नाचं उत्तर हे.

नवीन कोअर बसवायचा तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. वस्तू स्वस्त, मजुरी महाग. वीस वर्षांचं प्लास्टिक एकदा उतरवलं की त्याच्या निम्म्या क्लिपा तुटतात आणि नंतर खड्ड्याखड्ड्याला गाडी वाजते, तो हिशेब वेगळाच. काही गाड्यांत एसीची कॉइल त्याच पेटीत असते, म्हणजे गॅसही सोडून परत भरावा लागतो.

मग लोक काय करतात? लीक बंद करणारी पावडर टाकतात. ट्रकवाले हळद टाकतात, आणि हसू नका, रस्त्यात अडकल्यावर हळदीने बारीक भोक काही तास धरतं खरं. पण जे भोकात अडकतं ते बारीक नळ्यांतही अडकतं. हीटरचं भोक बुजवायला टाकलेला चिखल रेडिएटरच्या तळाशी बसला, तर बादली वाचवायला विहीर बुजवल्यासारखं होईल. गावापर्यंत पोचण्यापुरतं ठीक. कायमचा उपाय म्हणून मी ते करणार नाही.

राहिला बायपास.

आधी चुकलेला बायपास

मिस्त्री म्हणाले, "साहेब, कोल्हापुरात हीटर लावतंय कोण? कट मारून टाकू." मीही मान डोलावली. त्यांनी फायरवॉलवरून दोन्ही होज काढले, दोन्हींच्या तोंडात एकेक जाड बोल्ट घातला, वरून क्लिपा आवळल्या. दहा मिनिटं. गळती थांबली, मी खूश.

पुढच्या रविवारी आजऱ्याच्या अलीकडे गाडी धक्के खाऊ लागली आणि बंद पडली. बॉनेट उघडलं तर एलपीजीच्या रिड्यूसरवर, म्हणजे द्रव गॅसची वाफ करून दाब उतरवणाऱ्या डब्यावर, पांढरं शुभ्र दव गोठलेलं. भर मार्चात. द्रवरूप गॅसची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनचं गरम पाणी द्यावं लागतं. किट बसवणारे ते पाणी बहुतेक वेळा हीटरच्या होजमधूनच घेतात. माझ्याकडे रिड्यूसर हीटरच्या लाइनीतच, एकामागे एक जोडलेला होता. हीटरचं तोंड बंद म्हणजे रिड्यूसरचंही पाणी बंद. सीएनजी किटचं गणित हेच आहे, तिथे तर दाब २०० बारवरून खाली उतरतो आणि गारठा आणखी पडतो.

पेट्रोलवर टाकून निघालो, तर दुसरा खेळ सुरू. काटा हळूच वर चढायचा, मग एकदम खाली पडायचा, परत चढायचा. हे मला नंतर समजलं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व, बंद असताना इंजिनमधलं पाणी फिरतं राहायला एक आडवाट लागते. काही इंजिनांत त्यासाठी वेगळी छोटी नळी किंवा आतल्या आत भोक असतं. अशा इंजिनाचे हीटर होज बुजवले तर फारसं बिघडत नाही. पण काही इंजिनांत हीटरची लाइन हीच ती आडवाट असते, किंवा तिचं परतीचं पाणी थर्मोस्टॅटवरून जातं आणि त्यावरून त्याला इंजिनचा ताप कळतो. ती वाट बुजवली की हेडजवळ पाणी तापत राहतं आणि थर्मोस्टॅटला पत्ताच नसतो. तो उशिरा उघडतो, मग एकदम गार पाणी घुसतं. ॲल्युमिनियमच्या हेडला असले हेलकावे मानवत नाहीत. काही गाड्यांत थ्रॉटल बॉडी किंवा ऑटो चोकलाही याच लाइनीतून गरम पाणी जातं, तिथे आयडलिंग बिघडतं.

आपलं इंजिन कुठल्या जातीचं हे खात्रीने माहीत नसेल तर होज बुजवू नका. दोन्ही टोकं एकमेकांना जोडा. पाणी जसं फिरत होतं तसं फिरत राहील, फक्त डॅशबोर्डच्या आत जाणार नाही. मिस्त्रींना परत जाऊन हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गॅसची गाडी हाय व्हय? आधी सांगायचं की." बॉनेट उघडल्यावर रिड्यूसर समोरच दिसतो, पण असो. चूक दोघांची.

बरोबर केलेला बायपास

दुसऱ्यांदा मी स्वतः केलं. इंजिन पूर्ण गार पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. गरम इंजिनचं रेडिएटर टोपण उघडू नका. दाब सुटला की उकळतं पाणी तोंडावर येतं, आणि फडकं धरून उघडणाऱ्यांचेही हात भाजलेले मी पाहिलेत.

खाली पसरट टोपलं ठेवून रेडिएटरमधून दोनेक लिटर कूलंट काढलं, म्हणजे हीटरचे होज काढताना अंगावर पूर येत नाही. माझ्या गाडीत सगळं मिळून चारेक लिटर मावतं. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, कुत्र्या-मांजरांचं मघाशी सांगितलंच.

फायरवॉलवरचे होज जुने असतील तर नळीला चिकटलेले असतात. क्लिप सैल करून होज आधी जागच्या जागी पिळा. सुटत नसेल तर ब्लेडने उभी चीर द्या. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका, कोअरच्या नळ्या पातळ असतात आणि पुढे कधी तो दुरुस्त करायचा ठरला तर वाकलेली नळी महागात पडते.

आता दोन्ही होज कशाने जोडायचे? माझे होज आतून १६ मिलिमीटरचे, म्हणजे पाच अष्टमांश इंच. पहिल्यांदा मी सरळ होजचा तुकडा घेऊन तो वळवून लावला. वळणावर तो चपटा झाला, म्हणजे पुन्हा वाट बंद. सरळ होज एवढ्या लहान जागेत यूसारखा वळत नाही, नाद सोडा. दोन उपाय चालतात. एक, दुसऱ्या कुठल्या गाडीचा वळणाचा तयार होज घेऊन हवा तेवढा कापायचा. जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात आपला होज दाखवून मागा, पुण्यात नाना पेठेत तर ढिगाने मिळतील. दोन, आणि मी केला तो: फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडून पाच अष्टमांश इंची तांब्याचा यू बेंड आणायचा. १६ च्या होजमध्ये तो चपखल बसतो. त्याच्या दोन्ही तोंडांना त्याच्याच फ्लेअरिंग टूलने किंचित ओठ काढून घ्या, नाहीतर दाबाखाली होज निसटेल. किंमत चहा-वड्याइतकी.

जोडायला पितळी जॉइनर घ्या. प्लास्टिकचा जॉइनर उष्णतेने दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो आणि तो तुटतो तेव्हा सगळं कूलंट अर्ध्या मिनिटात रस्त्यावर येतं. बागेची नळी, घरगुती गॅसची नळी, पारदर्शक पीव्हीसी, यातलं काहीही इथे चालत नाही. ९० अंशांच्या पाण्यात पीव्हीसी मेणासारखं मऊ पडतं. हीटर होज म्हणून जे विकतात तेच. क्लिपा नवीन, होजच्या टोकापासून अर्धा सेंटिमीटर आत, आणि यू बेंडच्या ओठाच्या पलीकडे. जोडलेला भाग सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला किंवा फिरत्या पट्ट्याला लागत नाही ना बघा, आणि एका पट्टीने बांधून टाका, लोंबकळत ठेवू नका.

लाइनीत हीटरचा वॉल्व असेल तर तोही काढून यू त्याच्या इंजिनकडच्या बाजूला लावा. वॉल्व मधे राहिला आणि कुणी खटका गारवर नेला, तर लाइन बंद. म्हणजे परत बोल्ट मारल्यासारखंच. गॅस किट असेल तर यू लावल्यानंतर रिड्यूसरला पाणी मिळतंय ना याची खात्री करा: इंजिन तापल्यावर त्याच्या दोन्ही पाण्याच्या नळ्या हाताला गरम लागल्या पाहिजेत. गॅसच्या नळ्यांना मात्र हात लावू नका, ते काम किटवाल्याचं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुन्या कोअरमध्ये पाव-अर्धा लिटर कूलंट तसंच उरतं. ते राहू दिलं तर पुढचा महिनाभर ठिबकत राहतं आणि तुम्हाला वाटतं बायपास फसला. एका नळीला होजचा तुकडा लावून सायकलच्या पंपाने हळू हवा मारा, दुसऱ्या नळीखाली डबा धरा. कॉम्प्रेसर लावू नका, आधीच फाटलेल्या कोअरचे धुडके होतील आणि सगळं पेटीत सांडेल. मग दोन्ही नळ्यांना रबरी टोप्या घाला.

हवा काढणं

बायपासनंतर गाडी तापते ती बहुतेक वेळा यात कसर राहिल्याने. गाडीचं नाक चढावर ठेवा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे तेवढा उतार पुरतो. टोपण उघडं ठेवून कूलंट भरा, एअर ब्लीडरचा, म्हणजे हवा सोडायचा, स्क्रू असेल तर तो सैल करून थेंब येईपर्यंत थांबा. इंजिन चालू करा, वरचा मोठा होज हाताने दाबत सोडत राहा, बुडबुडे येतील. पातळी उतरेल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की, बहुतेक जुन्या गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांना, वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी एकदा धपकन खाली जाते. तेव्हा भरून टोपण लावा. रेडिएटरचा पंखा एकदा आपोआप चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर परत पातळी बघा, क्लिपा परत आवळा.

पूर्वी आत हवा राहिली की हीटर गार वारा फेकायचा, त्यावरून कळायचं. आता ती खूण गेली. काट्यावर लक्ष ठेवा, आणि चालू करताना डॅशबोर्डखाली पाणी खळखळल्यासारखा आवाज ऐकू आला तर तो आता डॅशबोर्डचा नसतो, इंजिनच्या बाजूचा असतो.

गालिचा नुसता उन्हात टाकून भागत नाही, ग्लायकॉल वाळत नाही. सीट काढून गालिचा आणि खालचा नमदा कोमट पाण्याने दोनदा धुतला, तीन दिवस गच्चीवर वाळवला. खाली पत्र्याला गंज धरला होता, तो घासून रंग मारला. काच आधी शाम्पूच्या पाण्याने, मग स्पिरिटने. तेलकट थर राहिला तर काच दुप्पट धुरकट होते.

हीटर नसताना आंबोलीतून

कोल्हापूरकराला हीटर लागत नाही हे पूर्ण खरं नाही. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, जुलैत धुकं बॉनेटवर टेकलेलं असतं. काच आतून धुरकटली की हीटर आणि एसी एकत्र लावणं हा सगळ्यात चांगला उपाय, एसी हवा कोरडी करतो आणि हीटर काच गरम ठेवतो. आता निम्मं हत्यार गेलं. मी एसी मध्यम ठेवतो, हवा बाहेरून घेतो, रोख काचेकडे. एसी फार गार केला तर काच बाहेरून धुरकटते, ती एसी वाढवून जात नाही, वायपर मारावा लागतो. हा फरक न कळल्याने मी पहिल्या वेळी अर्धा घाट खिडकीतून डोकं काढून चालवला. ओले रेनकोट मागच्या सीटवर न टाकता डिकीत टाकले तरी निम्मा त्रास कमी होतो.

दुसरं हत्यार गेलं ते जास्त जाणवलं. चढावर काटा वर जायला लागला की हीटर पूर्ण लावून खिडक्या उघडायच्या, हे जुन्या गाडीवाल्यांचं ब्रह्मास्त्र. हीटर म्हणजे फुकटचा दुसरा रेडिएटर. बायपासनंतर तो नाही. काटा चढला की आता बाजूला थांबण्यावाचून इलाज नाही.

माझा भाचा मिशिगनला असतो, त्याने त्याच्या जुन्या गाडीला हेच करू का विचारलं. मी नको म्हणालो. जिथे सकाळी काचेवर बर्फ असतं तिथे हीटर ही चैन नाही, समोर दिसण्याची सोय आहे. तिथे कोअरच बदलावा.

तरीही परत गळलं तेव्हा

बायपासनंतर आठ महिन्यांनी रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला सांध्यावर ओल दिसली. म्हणजे हीटर हा रोगी होता, रोग नव्हता. तेव्हा मूळ कारण शोधायला बसलो आणि तीन गोष्टी निघाल्या.

टोपण. कुणीतरी कधीतरी ०.९ च्या जागी १.१ चं बसवलं होतं. जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, सगळ्यात कमजोर सांधा आधी सुटतो. जुन्या गाडीत तो बहुधा हीटर कोअर. आठवत असेल, वर मी माझ्या टोपणावर ०.९ लिहिलंय म्हटलं, ते हे नंतर बदललेलं.

पाणी. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसले होते आणि गंजरोधक द्रव्यं कधीच संपली होती. आता तयार मिश्रण किंवा डिस्टिल्ड वॉटर घालून निम्मं-निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं म्हणणारे भेटतात. ते गोठण्यासाठी नाही, गंजासाठी आणि उकळबिंदूसाठी. रंगावर जाऊ नका, हिरवा किंवा गुलाबी हे प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार दिलाय तो बघा आणि दोन प्रकार मिसळू नका.

आणि अर्थिंग. हे कुणीच तपासत नाही. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी गंजली असेल तर करंट परतीची वाट शोधतो, आणि कूलंट ही त्याला मिळणारी एक वाट असते. आतून धातू खाल्ला जातो. गार इंजिनवर टोपण उघडा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायरचं टोक कूलंटमध्ये बुडवा पण रेडिएटरच्या धातूला लावू नका. इंजिन चालू करून हेडलाइट, पंखा, सगळं लावा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर गडबड आहे. माझ्याकडे ०.५ आला. पट्टी बदलली, बसायची जागा पॉलिश पेपरने घासली, आकडा ०.१ च्या खाली आला.

रेडिएटर बदलला, त्याला आता दीड वर्ष होईल. बाटलीवरची मार्करची रेघ आणि कूलंटची पातळी एकाच जागी आहेत. नवा हीटर कोअर खोक्यात कपाटावर पडलाय. डॅशबोर्ड उतरवायला दिवाळीत चार दिवस सलग मिळाले तर बसवेन, नाहीतर तांब्याचा यू आहेच.